रात्री अडीचला टक्क जाग येते, मग झोपच नाही: गावी एकट्या असणाऱ्या आईसाठी काय करावं?

तुमचा प्रश्न नीट वाचला. आई ६३ वर्षांच्या, गुहागरकडे गावच्या घरात एकट्या, वडील जाऊन दीड वर्ष झालं, आठला जेवून पावणेनऊला आडव्या होतात, झोप लागते पण अडीचला टक्क जाग येते आणि मग सहापर्यंत नुसतं कूस बदलत राहायचं. बीपीची गोळी चालू आहे आणि झोपेसाठी मेडिकलमधून आणलेली अल्प्राझोलमची अर्धी गोळी सहा-सात महिने रोज घेतायत. तुम्ही विचारलंय की ही गोळी बंद करून जायफळ, अश्वगंधा असं काही नैसर्गिक देता येईल का.

मी रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्यावरच्याच गावात बरीच वर्षं प्रॅक्टिस करते, डिग्री आयुर्वेदाची आहे, त्यामुळे जायफळ-अश्वगंधाबद्दल सविस्तर लिहितेच खाली. पण आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते, तुमच्या आईंच्या झोपेला सगळ्यात जास्त फरक पडेल तो झोपायला जायची आणि उठायची वेळ बदलल्याने, कुठल्याही चूर्णाने नाही. हे ऐकायला फार साधं वाटतं म्हणून लोक करत नाहीत आणि वर्षानुवर्षं गोळ्या खात राहतात, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता हिशोब बघा. पावणेनऊला आडवं झालं आणि नऊला झोप लागली तर अडीचला साडेपाच तास झोप झालेली असते. साठीच्या माणसाला साधारण सात तास पुरतात. दुपारचं तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण फोन करून विचारा, कारण आपल्याकडे एक वाजता माशाचं कालवण-भात खाऊन घर बंद करून साडेतीनपर्यंत झोपणं हे अगदी सर्रास चालतं आणि एकट्या माणसाला दुपार खायला उठते म्हणून तर जास्तच. त्यात दीड तास झोप धरली तर २४ तासांतली त्यांची झोप पूर्ण झालेली असते. शरीराला अडीचनंतर अजून झोप हवीच नसते, आणि आपण म्हणतो निद्रानाश झाला.

झोप ही भुकेसारखी साठत जाते. जागं राहिलेल्या प्रत्येक तासाला मेंदूत ॲडेनोसीन नावाचं द्रव्य वाढत जातं, त्याने डोळे जड होतात, झोपलं की ते उतरतं. संध्याकाळी पाचला पोटभर खाल्लं तर आठला जेवण जात नाही, तसंच दुपारी तीनपर्यंत झोपलं की रात्रीची झोप उथळ होते. चहा-कॉफी काय करते तर ह्याच ॲडेनोसीनला मेंदूवर काम करू देत नाही, आणि कॅफीन शरीरातून निम्मं जायलाच पाच तासाच्या आसपास लागतात, म्हणून संध्याकाळी सहाचा कोरा चहा रात्री अकरालाही अंगात असतो. साठीनंतर तर शरीर ते अजून हळू बाहेर काढतं. आईंचा शेवटचा चहा दुपारी दोन-तीनच्या आत आणा, संध्याकाळी तल्लफ आली तर गवती चहाचा काढा चहापत्ती न घालता चालेल.

दुसरं शरीराचं घड्याळ. वय वाढतं तसं ते अलीकडे सरकतं, संध्याकाळी लवकर पेंग आणि पहाटे लवकर जाग, हा आजार नाही. पण एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्यात हे फार वाढतं कारण सात वाजता दारं लागतात, एक सिरीयल होते, लाईट बिल नको म्हणून मोठा दिवा बंद, मग करायचं काय तर आडवं व्हायचं. कोकणातल्या निम्म्या घरांची आज हीच कथा आहे, मुलं मुंबई-ठाण्याला आणि गावात साडेआठला सामसूम.

इथे एक बारीक मुद्दा आहे. सगळीकडे सांगतात की सकाळचं कोवळं ऊन घ्या, झोप सुधारते. ज्यांना रात्री एक वाजेपर्यंत झोपच लागत नाही, कॉलेजची पोरं वगैरे, त्यांना हे अगदी बरोबर आहे, सकाळचा उजेड घड्याळ अलीकडे ओढतो. पण आईंचं घड्याळ आधीच फार अलीकडे आलंय, त्यांना संध्याकाळचा उजेड पाहिजे. साडेपाच ते सूर्यास्त घराबाहेर राहायचं, समुद्रावर चालायला, नाहीतर अंगणात, शेजारी कुणाकडे, देवळात, कुठेही पण बाहेर, आणि घरी आल्यावर नऊ-साडेनऊपर्यंत मोठी ट्यूबलाईट चालू ठेवायची, झिरोच्या बल्बमध्ये बसायचं नाही. पहाटे लवकर जाग आली तर मात्र मोबाईल आणि मोठे दिवे टाळायचे.

तर करायचं काय. पहिला आठवडा फक्त वही. किती वाजता आडव्या झाल्या, अंदाजे कधी झोप लागली, कितीला जाग, दुपारी किती, चहा कितीला, एवढंच, आणि रात्री घड्याळ बघून नाही तर सकाळी अंदाजाने लिहायचं. आठवड्याने रात्रीच्या झोपेची सरासरी काढा. समजा साडेपाच तास आली, तर त्यात अर्धा तास मिळवून फक्त सहा तास अंथरुणात राहायचं. उठायची वेळ आधी ठरवायची, समजा पाच, म्हणजे झोपायची वेळ अकरा. हो, अकरा. पहिले आठ-दहा दिवस पेंगुळल्यासारखं होतं, चिडचिड होते, आई तुम्हाला फोन करून म्हणतील हे काय भलतंच, पण साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात झोप सलग होऊ लागते. अंथरुणात घालवलेल्या वेळातला ८५ टक्के वेळ झोप लागायला लागली की झोपायची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे घ्यायची, आठवडाभर तसं चाललं की परत पंधरा मिनिटं, असं करत साडेसहा-सात तासांवर यायचं. ह्या वयात सहा तासांच्या खाली मी कुणालाच नेत नाही. ज्यांना फिट्स येतात किंवा बायपोलरचा त्रास आहे त्यांनी हे घरच्या घरी करू नये, आणि जे गाडी किंवा बोट चालवतात त्यांनी त्या सुरुवातीच्या दिवसांत फार जपायचं.

ही पद्धत मी शोधलेली नाही, झोपेचे संशोधक आर्थर स्पीलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९८७ मध्ये मांडली, आणि अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स ह्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये स्पष्ट सांगितलं की जुन्या निद्रानाशात गोळ्यांच्या आधी वागणुकीची उपचारपद्धती द्यावी, आणि ही पद्धत तिचाच एक भाग आहे. जुना निद्रानाश म्हणजे आठवड्यातून किमान तीन रात्री आणि किमान तीन महिने. एकदोन रात्री झोप नाही लागली तर त्याला काहीही करायचं नसतं. शिमग्याला पालखी नाचवून किंवा गणपतीत भजनं करून रात्र जागली तरी दुसऱ्या दिवशी उठायची वेळ तीच ठेवायची, शरीर आपोआप भरून काढतं, दिवसभर लोळलं की मात्र चार रात्री बिघडतात.

मध्यरात्री जाग आलीच तर? बिछान्यात पडून झोपेची वाट बघायची नाही. वीसेक मिनिटं झाली असं वाटलं (घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवा, अडीच वाजलेत हे कळलं की छातीत धस्स होतं आणि झोप गेलीच) की उठून माजघरात किंवा ओटीवर बसायचं, मंद दिव्यात, आणि काहीतरी हाताचं कंटाळवाणं काम करायचं. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना मी वाती वळायला सांगते, लसूण सोला, जपाची माळ ओढा, टीव्ही नको आणि व्हॉट्सॲप तर नकोच. डोळे मिटायला लागले की परत अंथरुणात. असं करता करता मेंदूला परत सवय लागते की अंथरूण म्हणजे झोप, आत्ता त्यांच्या मेंदूने अंथरूण म्हणजे काळजी असं धरून ठेवलंय. पावसाळ्यात रात्री अंधारात अंगणात किंवा मागच्या पडवीत जायचं नाही, पायाखाली फुरशासारखा विषारी साप असू शकतो, बॅटरी हाताशी पाहिजे.

दुपारी फार पेंग आली तर आरामखुर्चीत बसून वीस-पंचवीस मिनिटं, तीनच्या आत. आडवं व्हायचं नाही, आडवं झालं की दीड तास जातो.

झोपायच्या जागेबद्दल लिहायचं राहू नये, कारण आपल्या हवेत हे फार महत्त्वाचं आहे. गाढ झोप लागायला शरीराच्या आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. आपल्या किनाऱ्यावर एप्रिल-मेमध्ये दमट हवेत घाम सुकतच नाही आणि रात्रीचं तापमानही २५-२६ च्या आसपास अडकतं. त्यात जुनी कौलारू घरं पाडून मुलांनी पाठवलेल्या पैशांतून स्लॅबची घरं झालीत, स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत ती उष्णता खाली सोडत राहतो. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जायची ती सोय आता नाही. आई स्लॅबखाली झोपत असतील तर उन्हाळ्यात खालच्या मजल्यावर किंवा जुन्या भागात झोपवा, कापडी गादी, जमिनीवर उठबस जमत असेल तर चटई, पंख्याचा झोत आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या मच्छरजाळीने उघड्या. फोमच्या जाड गाद्या आपल्या हवेत मला अजिबात पसंत नाहीत.

आता तुमचा मूळ प्रश्न.

तळपायाला तेल हा उपाय मी मनापासून देते. झोपेच्या तासभर आधी पाय कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवायचे, पुसून खोबरेल किंवा तिळाचं तेल लावून काशाच्या वाटीने हळूहळू चोळायचं. वाटीने अंगातली उष्णता शोषली जाते वगैरे म्हणतात, मी ते असं सांगते की पाय ऊबदार झाले की तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, शरीराची आतली उष्णता पायावाटे बाहेर पडते आणि त्याने झोप लवकर लागते. झोपेआधी तास-दोन तास गरम पाण्याची अंघोळही ह्याच कारणाने उपयोगी पडते. डायबिटीस असेल तर पाणी आधी कोपराने तपासा कारण पायाला चटका कळत नाही, आणि तेल पुसल्याशिवाय लादीवर चालायचं नाही, घसरून खुबा मोडला तर झोपेचं दुखणं परवडलं म्हणायची वेळ येते.

जायफळ. आपल्याकडे नारळी-पोफळीच्या बागेत सावलीला जायफळ होतं, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकण सुगंधा नावाची जातही दिलीय, त्यामुळे घरोघरी असतं. सहाणेवर दुधात दोन-तीन वळसे उगाळून तेवढं कपभर कोमट दुधात, हे प्रमाण निर्धोक आहे आणि बऱ्याच जणांना बरं वाटतं. माणसांवरचा भक्कम पुरावा म्हणाल तर तसा फारसा नाही. पण चमचाभर पूड घालू नका. अख्खं एक जायफळ पाच ग्रॅमच्या आसपास भरतं आणि तेवढं पोटात गेलं तर त्यातल्या मिरिस्टिसीनने तोंड कोरडं पडतं, छातीत धडधड होते, भास होतात आणि ते दिवसभरही राहू शकतं. तान्ह्या बाळाला झोपवण्यासाठी जायफळ उगाळून चाटवतात तेही थांबवा असं मी प्रत्येक बाळंतिणीला सांगते. दुधाचं म्हणाल तर आयुर्वेदात म्हशीचं दूध झोप आणणारं सांगितलंय, पचत असेल तर जरूर द्या पण झोपेच्या दीड तास आधी, नाहीतर लघवीला उठावं लागतं.

अश्वगंधाबद्दल काही छोट्या अभ्यासांमध्ये झोपेत थोडा फरक दिसलाय, तोही काही आठवडे नियमित घेतल्यावर. आज घेतली आणि आज झोप आली असं होत नाही. थायरॉईडची गोळी चालू असेल, लिव्हरचा त्रास असेल किंवा पोटात बाळ असेल तर घेऊ नये, यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि डेन्मार्कने २०२३ मध्ये त्यावर बंदीच घातली. आईंना मी सध्या सुरू करणार नाही, कारण एका वेळी एकच गोष्ट बदलली तर कशाने फरक पडला ते कळतं.

आणि सर्पगंधा, हे मुद्दाम लिहिते कारण गावाकडे कुणीतरी मुळी उगाळून देतं. सर्पगंधा हे खरं औषध आहे, मुंबईचे डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ मध्ये त्याचा बीपीवरचा परिणाम लंडनच्या मासिकात छापला आणि मग जगाने ते वापरलं. म्हणूनच आईंना ते घरगुती म्हणून देऊ नका, बीपीच्या गोळीबरोबर बीपी फार खाली येऊ शकतं आणि त्याने मन उदास होतं हे जुनंच माहीत आहे.

संध्याकाळी थोडी घेतली की झोप छान लागते असं कितीतरी पुरुष सांगतात, विशेषतः मासेमारी बंदीच्या १ जून ते ३१ जुलैच्या काळात. बोटीवर जाळी ओढण्याच्या मधे मधे दोन-तीन तास झोपायची सवय लागलेली असते, किनाऱ्यावर आलं की रात्र सरत नाही, मग दारू. पहिले तीन तास गुंगी येते खरी पण दारू उतरायला लागली की उरलेली रात्र तुटक जाते आणि घोरणं वाढतं. त्यांना मी सांगते की रात्रीतले चार तास तरी रोज तेच धरा, दिवसाची झोप हळूहळू कमी करा.

घोरण्यावरून आठवलं, आईंच्या बाबतीत हे बघायला माणूसच नाही. पाळी गेल्यानंतर बायकांच्यात स्लीप ॲप्निया बराच वाढतो, म्हणजे झोपेत घसा बंद पडून श्वास अडतो आणि शरीर दचकून जागं होतं, माणसाला वाटतं उगाच जाग आली. सकाळी डोकं जड, तोंड कोरडं, रात्री दोन-तीनदा लघवीला, दिवसा बसल्या जागी डुलकी आणि गोळ्या घेऊनही बीपी वर, ह्यातलं काही असेल तर गावी जाल तेव्हा एक रात्र त्यांच्या शेजारी झोपा, नाहीतर मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा. शंका आली तर स्लीप स्टडी करायची, आता घरी नेऊन लावायचं मशीनही मिळतं. ॲप्निया निघाला तर त्यावर सी-पॅप मशीन (मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं), वजन कमी करणं हे उपाय आहेत, जायफळाने तो जात नाही आणि झोपेच्या गोळीने बिघडू शकतो.

बीपीच्या गोळीत लघवी होणारं औषध आहे का आणि ती कधी घेतात तेही बघा. संध्याकाळी घेत असतील तर डॉक्टरांना विचारून सकाळी करून घ्या, कधीकधी एवढ्यानेच रात्रीच्या फेऱ्या थांबतात. पायात वळवळ, आडवं झालं की पाय हलवल्याशिवाय चैन नाही, कुणीतरी चेपून द्यावेत असं वाटणं, हे असेल तर रक्तात फेरीटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासा. ते ७५ च्या खाली असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोह द्यावं लागतं, आणि जेवणावर लगेच चहा प्यायला तर लोह नीट अंगी लागत नाही. आमच्याकडच्या बायकांच्यात हे फार सापडतं.

आणखी एक विचारा, फोनवर नाही, समोर बसून. बाबा गेल्यापासून जेवणावरचं मन उडालंय का, रडू येतं का, कशातच रस नाही असं होतं का, जगून काय करायचं असं कधी बोलल्यात का. पहाटे लवकर जाग येणं आणि सकाळी मन सगळ्यात जास्त जड असणं हे नैराश्याचं ठळक लक्षण आहे. तसं असेल तर वेळा बदलून भागणार नाही, मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायला लाजू नका. आणि मध्येच जाग येऊन अंग हलवता येत नाही, छातीवर कुणीतरी बसलंय असं कधी सांगितलं तर लगेच बाधा म्हणून गाऱ्हाणं घालायला धावू नका. स्वप्नाच्या झोपेत शरीर मुद्दाम लुळं ठेवलेलं असतं, कधी मेंदू आधी जागा होतो आणि अंग मागून, मिनिटा-दोन मिनिटांत सुटतं. झोप तुटक असली की हे जास्त होतं.

शेवटी ती अर्धी गोळी. अल्प्राझोलम शेड्यूल एच-वन ह्या सरकारी औषध-यादीतली आहे, चिठ्ठीशिवाय द्यायचीच नसते, आणि साठीनंतर तिने तोल जाणं, पडणं, विसराळूपणा वाढतो. पण सहा-सात महिने रोज घेतलेली गोळी एकदम बंद करू नका, म्हणजे नकोच. घाबरल्यासारखं होतं, हात थरथरतात, क्वचित फिटसुद्धा येते. आधी तीन-चार आठवडे वर सांगितलेल्या वेळा बसवा, गोळी आहे तशीच राहू दे. मग तिथल्या डॉक्टरांना दाखवून दर दोन आठवड्यांनी चालू डोसचा पाव भाग असं कमी करत जायचं, ते जड गेलं तर अजून हळू. प्रत्येक वेळी कमी केल्यावर दोन-चार रात्री झोप बिघडते, ते गोळी सुटत असल्याने होतं, आईंना हे आधीच सांगून ठेवा आणि त्या रात्रींसाठी परत वाढवू नका. पहिली कपात कराल तो आठवडा सुट्टी काढून तुम्ही गावीच राहा, त्याच रात्रींमध्ये घोरणंही ऐकून होईल.